गहू सोडला आणि बरं वाटलं – पण श्रेय कुणाचं?

महिन्या-दोन महिन्यांत एकदा तरी असा पेशंट समोर येतो. दोन-तीन वर्षांपासून पोट फुगतं, गॅसेस होतात, कधी जुलाब तर कधी पोट साफ न होणं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, सगळं "नॉर्मल". अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्या, जंताचं औषध झालं. मग कुणीतरी सुचवलं की ग्लूटेन सोडून बघ. त्यांनी पोळी बंद केली, ज्वारीची भाकरी सुरू केली आणि दोन आठवड्यांत पन्नास टक्के फरक पडला. आता प्रश्न असा : "डॉक्टर, म्हणजे मला ग्लूटेनचा त्रास आहे ना? आयुष्यभर गहू बंदच ठेवू का?"

"बरं वाटलं" हे मी कधीच खोटं मानत नाही. पण बरं वाटलं ते ग्लूटेन गेल्यामुळे की आणखी कशामुळे, हे तेवढ्यावरून कळत नाही. हा प्रश्न आजचा नाही. गेली सव्वाशे-दीडशे वर्षं डॉक्टर याच प्रश्नाशी झगडत आले आहेत, आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी बरं होण्याचं श्रेय चुकीच्या पदार्थाला दिलं आहे. तो इतिहास समजला, तर तुम्ही पोळी सोडण्याआधी काय करायला हवं हे आपोआप लक्षात येईल. म्हणून आज थोडी मागची गोष्ट सांगतो.

जुनी नावं : संग्रहणी, सिलिअ‍ॅक, स्प्रू

न थांबणारे जुलाब, खाल्लेलं अंगी न लागणं आणि माणूस वाळत जाणं हा आजार आपल्या आजी-आजोबांना "संग्रहणी" म्हणून माहीत होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात ताकाचं महत्त्व सांगितलं आहे. तिकडे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने अशाच रुग्णांचं वर्णन करून त्यांना पोटावरून, म्हणजे "कोईलिया" या शब्दावरून, नाव दिलं. "सिलिअ‍ॅक" हा आजचा शब्द तिथून आला. पुढे युरोपीय डॉक्टरांनी उष्ण देशातल्या अशा आजाराला "स्प्रू" म्हटलं.

ही तिन्ही नावं लक्षणांची आहेत, कारणांची नाहीत. त्या एका लक्षणामागे क्षयरोग, जंत, जंतुसंसर्ग, दूध न पचणं, गहू न सोसणं असं काहीही असू शकतं. नाव एक आणि कारणं अनेक, म्हणून पथ्याचा गोंधळ तेव्हापासूनच सुरू झाला.

भात बंद, टोस्ट चालू!

आधुनिक गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. सॅम्युएल गी या डॉक्टरांनी १८८८ साली या आजारावर एक छोटा पण गाजलेला लेख लिहिला. एक ते पाच वर्षांची मुलं, फुगलेलं पोट, काड्यांसारखे हातपाय, फिकट, फेसाळ, दुर्गंधीयुक्त शौच हे सगळं वर्णन आजही तंतोतंत लागू पडतं. हा आजार बरा झालाच तर आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखलं होतं.

आता गंमत पाहा. गींनी भात, साबुदाणा आणि मक्याचं पीठ अयोग्य ठरवलं आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेल्या पावाला परवानगी दिली! म्हणजे जे चालतं ते बंद आणि जे चालत नाही ते चालू. त्यांनी एका मुलाची नोंदही केली आहे. त्याला रोज जवळपास लिटरभर "मसल", म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या जातीचे शिंपल्यातले प्राणी, खायला देत होते. मूल छान सुधारलं. हंगाम संपला, मसल मिळेनासे झाले आणि मूल पुन्हा आजारी पडलं.

आज आपल्याला वाटतं की मसलने पोट भरल्यावर पाव कमी खाल्ला गेला असेल, म्हणून बरं वाटलं असेल. पण त्या वेळी दिसत होते ते मसल. ताटात काय आलं ते डोळ्यांना दिसतं, ताटातून काय गेलं ते दिसत नाही.

केळ्यांची जादू

हीच गोष्ट १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये मोठ्या प्रमाणावर घडली. डॉ. सिडनी हास यांनी सिलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांचा आहार दिला. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद आणि दिवसाला भरपूर केळी. मरणाच्या दारात असलेली मुलं सुधारली. त्या काळात या आजारात मुलं दगावत असत, त्यामुळे हा आहार वरदान ठरला आणि पुढची काही दशकं जगभर वापरला गेला.

हास यांचा आहार काम करत होता यात शंका नाही. चुकला तो अर्थ. श्रेय केळ्यांना गेलं. त्यातून पुढचा गैरसमज झाला की हा आजार काही काळ पथ्य केलं की कायमचा बरा होतो. मूल धडधाकट झालं की पुन्हा पाव खायला लागायचं आणि आतड्याची खराबी आतल्या आत परत सुरू व्हायची. उपाय बरोबर असला तरी कारण चुकीचं समजलं, तर पेशंटला पुढे त्याची किंमत मोजावी लागते.

एक आई, एक डॉक्टर आणि भुकेचा हिवाळा

खरं कारण सापडलं ते नेदरलँड्समध्ये. विलेम कारेल डिके हे मुलांचे डॉक्टर १९३६ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, हेग शहरातल्या ज्युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे एका आईने सांगितलं की तिच्या सिलिअ‍ॅक असलेल्या मुलाच्या आहारातून पाव काढला की अंगावरचं पुरळ लवकर बरं होतं. डिकेंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी गहू काढलेल्या आहारावर मुलांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि १९४१ साली त्यावर लिहिलंही.

मग दुसऱ्या महायुद्धातला १९४४-४५ चा हिवाळा आला. नेदरलँड्समध्ये भयंकर अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, लोक ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खात होते. लोक उपाशी असताना सिलिअ‍ॅकची मुलं मात्र आश्चर्यकारकरीत्या बरी होती. मदतीचा पाव देशात आला आणि ती पुन्हा बिघडली.

ही कथा तुम्ही कदाचित ऐकली असेल. ती बहुतेक वेळा इथेच संपते, जणू दुष्काळाने आपसूक शोध लावला. खरं तर कष्टाचं काम पुढे आहे. डिके, त्यांचे सहकारी डॉ. वायर्स आणि रसायनशास्त्रज्ञ फान दे कामर यांनी मुलांना ठरवून गहू द्यायचा, ठरवून काढायचा, पुन्हा द्यायचा आणि दर वेळी शौचातली चरबी मोजायची असा क्रम लावला. चरबी शौचातून जास्त जाते म्हणजे आतड्यात शोषली जात नाही. "बरं वाटतं" या सांगण्याला त्यांनी आकड्यांची जोड दिली. १९५० साली डिके यांचा प्रबंध उट्रेक्ट विद्यापीठात सादर झाला.

मग प्रश्न आला की गव्हातलं नेमकं काय? हे समजायला आपल्या घरातली कुरडई आठवा. गहू भिजवून, वाटून, गाळून आपण चीक काढतो. तो चीक म्हणजे गव्हातलं पिष्ट. उरलेल्या चोथ्यात कोंडा असतो आणि कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन असतं. पुरणपोळीची कणीक तिंबल्यावर रबरासारखी ताणली जाते ती याच प्रथिनामुळे. त्याचं नाव ग्लूटेन. डच संशोधकांनी मुलांना गव्हाचं पिष्ट वेगळं दिलं तर त्रास नाही, प्रथिन दिलं की त्रास, असं दाखवलं. १९५२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही तेच सिद्ध केलं. पुढे कळलं की असाच दोष जव आणि राय या धान्यांतल्या प्रथिनांतही आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका यांत तो नाही. (सिलिअ‍ॅकच्या पेशंटनी यावरून कुरडई खायला सुरुवात करू नये. घरच्या चिकात ग्लूटेन थोडं उरतंच.)

आईचं निरीक्षण, मग काढून पाहणं, परत घालून पाहणं आणि प्रत्येक वेळी मोजणं. या चार पायऱ्यांतली "परत घालून पाहणं" ही पायरी गी आणि हास यांच्याकडे ठरवून झालीच नव्हती. तीच आज आपले पेशंटही गाळतात.

आतड्याच्या आत डोकावलं तेव्हा

१९५०च्या दशकात मार्गो शायनर आणि विल्यम क्रॉस्बी यांनी तोंडावाटे नळी किंवा कॅप्सूल घालून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढायची सोय केली. निरोगी आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी सूक्ष्म बोटं असतात, त्यांच्यामुळे अन्न शोषलं जातं. सिलिअ‍ॅकमध्ये ही बोटं झिजून अस्तर सपाट होतं. ग्लूटेन बंद केलं की बोटं पुन्हा उगवतात. १९९७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी या आजारात शरीर कोणत्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं ते शोधलं. त्यावर आधारलेली रक्ततपासणी म्हणजे आजची टीटीजी-आयजीए.

यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ही प्रतिपिंडं ग्लूटेन पोटात जात असेल तोपर्यंतच भरपूर असतात. गहू सोडला की हळूहळू ती कमी होतात आणि आतडंही सुधारू लागतं. म्हणजे तुम्ही आधी तीन-चार महिने पोळी सोडली आणि मग तपासणीला आलात, तर सिलिअ‍ॅक असूनही अहवाल "नॉर्मल" येऊ शकतो. पुरावा तुम्हीच पुसून टाकलेला असतो.

मुंबईतलं एक काम

आपल्या शहराचाही या इतिहासात वाटा आहे, थोडा बाजूचा पण शिकवणारा. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून तिने गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती बायकांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. दुसऱ्या एका रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिल्यावर मात्र त्या सुधारल्या. विल्सने माकडांना तसाच निकस आहार देऊन आणि मग मार्माइट देऊन खात्री केली. १९३१ साली ते प्रसिद्ध झालं. मार्माइटमधला तो अनोळखी घटक काही वर्षं "विल्स फॅक्टर" म्हणून ओळखला गेला. तोच आजचं फॉलिक अ‍ॅसिड, जे प्रत्येक गर्भवतीला आपण देतो.

हेच फॉलिक अ‍ॅसिड १९४०च्या दशकात उष्ण देशातल्या स्प्रूवर उपयोगी ठरलं. पुढे प्रतिजैविकांचा उपयोगही कळला. इथेच सिलिअ‍ॅक आणि स्प्रू यांची फारकत झाली. दोन्हींत जुलाब, वजन घटणं, रक्तक्षय आणि आतड्याची बोटं झिजणं सारखंच. पण एकाला गहू कायमचा बंद करावा लागतो, तर दुसरा प्रतिजैविक आणि फॉलिक अ‍ॅसिडने बरा होतो आणि पोळी खुशाल खाता येते. १९६०च्या दशकात मुंबईत डॉ. खुर्शीद जीजीभॉय, डॉ. एच. जी. देसाई आणि वेल्लोरमध्ये डॉ. सेल्विन बेकर यांनी स्प्रूवर बरंच काम केलं. त्या काळात हेही लक्षात आलं की आपल्याकडे वारंवार होणाऱ्या आतड्याच्या संसर्गांमुळे धडधाकट माणसांच्या आतड्याची बोटंही युरोपीय माणसांपेक्षा थोडी आखूड असतात.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा. आपल्याकडे बायोप्सीत "बोटं झिजली आहेत" एवढ्यावरून सिलिअ‍ॅक म्हणता येत नाही. रक्ततपासणी, बायोप्सी आणि पथ्याला मिळालेला प्रतिसाद हे तिन्ही जुळावं लागतं.

"हा तर गोऱ्यांचा आजार"

बराच काळ भारतात अशीच समजूत होती. १९६६ साली दिल्लीतल्या डॉक्टरांनी उत्तर भारतीय मुलांमधल्या आणि मोठ्यांमधल्या सिलिअ‍ॅकबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. १९७३ साली बर्मिंगहॅममधून आशियाई स्थलांतरितांच्या मुलांमधल्या सिलिअ‍ॅकची नोंद आली. आजार होता, शोधला जात नव्हता. रक्ततपासणी आल्यावर आकडे दिसू लागले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या लुधियानातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत ३१० मुलांमागे एक सिलिअ‍ॅकचं मूल सापडलं. २०११ साली दिल्ली परिसरातल्या पाहणीत हे प्रमाण साधारण १०० माणसांमागे एक आलं.

सगळ्यात बोलकी पाहणी २०१६ सालची. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांहून अधिक प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के लोकांत होती. या आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे जवळपास सारखीच, साधारण तीनातल्या एका माणसात. मग फरक कशाचा? रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. गव्हाचं प्रमाण हे एकमेव कारण नसेल, पण विचार करायला लावणारं नक्कीच आहे.

या तीन भागांत महाराष्ट्र नव्हता. पण आपलं ताट आठवून पाहा. दोन पिढ्यांपूर्वी देशावर रोज ज्वारी-बाजरीची भाकरी, कोकणात भात आणि नाचणी. पोळी सणासुदीची, पाहुण्यांची. नंतर रेशनवर गहू आला, १९५०च्या दशकापासून अमेरिकेतून आयात झालेला आला, १९६०च्या दशकाच्या शेवटी हरितक्रांतीने देशातच मुबलक पिकू लागला. आज बोरीवलीतल्या घरात सकाळी खाकरा किंवा ब्रेड, डब्यात पोळी-भाजी, स्टेशनबाहेर वडापाव, संध्याकाळी चहाबरोबर खारी आणि रात्री पुन्हा पोळी. गहू दिवसातून चार वेळा. त्यामुळे "आपल्यात नसतो हा आजार" असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. आणि गहू सोडल्यावर इतक्या जणांना हलकं का वाटतं, याचं अर्धं उत्तरही याच यादीत आहे. गव्हाबरोबर मैदा, तळण आणि बिस्किटंही जातात.

सिलिअ‍ॅक नाही, तरी त्रास होतो. मग काय?

१९७८ आणि १९८० साली इंग्लंडमधून काही रुग्णांच्या नोंदी आल्या. बायोप्सी ठीक, तरी ग्लूटेन काढलं की जुलाब थांबतात आणि दिलं की परत येतात. हा विषय मग तीस वर्षं मागे पडला. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाने सिलिअ‍ॅक नसलेल्या ३४ जणांवर प्रयोग केला. कुणाला ग्लूटेन मिळतंय हे पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. ग्लूटेनच्या गटाला त्रास जास्त झाला. जगभर बातमी झाली आणि "ग्लूटेन-फ्री"ची लाट आली.

पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्याच गटाने २०१३ साली पुन्हा प्रयोग केला. या वेळी ३७ जणांच्या आहारातून आधी "फॉडमॅप" कमी केले. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा. त्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि गॅस करतात. फॉडमॅप कमी केल्यावर सगळ्यांना बरं वाटलं, आणि त्यानंतर ग्लूटेन दिलं काय किंवा न दिलं काय, विशेष फरक पडला नाही. २०१८ साली नॉर्वेतल्या ओस्लोमध्ये ५९ जणांना चवीला सारख्या वड्या दिल्या : एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टन, एकीत दोन्ही नाही. जास्त त्रास फ्रुक्टनच्या वडीने झाला.

फ्रुक्टन ही गव्हातलीच एक साखर आहे, पण ती कांदा आणि लसणातही भरपूर असते. म्हणजे गहू सोडून बरं वाटलेल्या बऱ्याच जणांना त्रास गव्हाचा होता, पण ग्लूटेनचा नव्हता. केळ्यांची गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी श्रेयाऐवजी दोष चुकीच्या पदार्थाला गेला.

म्हणूनच मी पोटाच्या पेशंटना एक साधा प्रश्न विचारतो : चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतं तेव्हा पोट कसं असतं? आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा एक आयताच प्रयोग आहे. उपवासाचंही तसंच. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नसतं.

मग तुम्ही काय करावं?

इतिहासातून निघणारा क्रम असा आहे. तो बदलू नका.

१. आधी धोक्याची लक्षणं पाहा. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, घरात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास, किंवा पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास. यातलं काहीही असेल तर पथ्याचे प्रयोग नकोत, थेट डॉक्टरांकडे या. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजूनही आहे. पोळी सोडून तो बरा होत नाही.

२. साधी कारणं तपासा. दूध न पचणं, थायरॉइड, जिआर्डियासारखे परजीवी. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी अनेकांना जुलाब करते. गोळीचा दोष पोळीवर जायला नको.

३. गहू खात असतानाच टीटीजी-आयजीए आणि सोबत एकूण आयजीए तपासून घ्या. काहींच्या शरीरात आयजीएच कमी असतं, मग पहिली तपासणी फसवी ठरते. तपासणी सकारात्मक आली तरी लगेच गहू बंद करू नका. आधी पोटविकारतज्ज्ञांकडून एन्डोस्कोपी आणि बायोप्सी होऊ द्या.

४. गहू आधीच सोडला असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. साधारण सहा आठवडे रोज एकाहून जास्त जेवणांत गहू खाऊन मग तपासणी करता येते, पण हे देखरेखीखाली. ते सोसत नसेल तर एचएलए ही जनुकीय तपासणी उपयोगी पडते. ती नकारात्मक आली तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. सकारात्मक आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं आपल्यातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत असतात.

५. सिलिअ‍ॅक निघाला तर पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर. इथे "सणाला एक पुरणपोळी" चालत नाही. न सांभाळल्यास रक्तक्षय, हाडं ठिसूळ होणं, मुलांची वाढ खुंटणं, गर्भधारणेत अडचणी आणि क्वचित आतड्याचा लिम्फोमा होऊ शकतो. रवा, मैदा, शेवया, दलिया, सातू, माल्ट घातलेली पेयं, बिअर हे सगळं बंद. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. डब्यातल्या बांधणी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. ज्वारी गिरणीत दळायला दिली आणि आधी गहू दळलेला असेल तर त्याचं पीठ मिसळतं. घरघंटी किंवा फक्त स्वतःसाठीचं मिक्सरचं भांडं बरं. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" असेल तर भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन अपेक्षित असतं. आई-वडील, भावंडं आणि मुलांची तपासणीही करून घ्या, त्यांना धोका सर्वसामान्यांपेक्षा बराच जास्त असतो.

६. तपासण्या नकारात्मक आल्या, तरच प्रयोग करा. आणि तो डिकेंच्या पद्धतीने करा. एक वही घ्या. पोट फुगणं, दुखणं, शौच यांना रोज शून्य ते दहा गुण द्या. पहिला आठवडा नेहमीसारखं खा. मग सहा आठवडे गहू बंद. या काळात दुसरं काहीही बदलू नका. चहा-बिस्किट गेलं तर चहा तेवढाच ठेवा, नवीन औषध सुरू करू नका. त्रास किमान तीस टक्क्यांनी कमी झाला नाही, तर गहू निर्दोष आहे. त्याला परत घरात घ्या.

७. फरक पडला तर एक आठवडा रोज दोन-तीन पोळ्या परत खा. ही पायरी बहुतेकांना नको असते. "बरं चाललंय, कशाला परत?" असं म्हणतात. पण हीच पायरी नसल्यामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी मसलला श्रेय मिळालं होतं. त्रास परत आला नाही, तर गव्हाचा संबंध नव्हता. परत आला, तर पुढचा प्रश्न विचारा : कांदा-लसूण बंद ठेवून थोडी पोळी चालते का? इथे आहारतज्ज्ञांची मदत घ्या. अनेकांना दिवसाला एक-दोन पोळ्या सहज चालतात.

मुलं, गर्भवती आणि वजन कमी असलेले वयस्कर यांच्यावर हा प्रयोग घरच्या घरी करू नका.

गहू सोडण्याला माझा विरोध नाही. भाकरी, भात, नाचणी हे आपलं जुनं आणि सकस अन्न आहे, आणि पाकिटातल्या महागड्या "ग्लूटेन-फ्री" बिस्किटांपेक्षा ते कितीतरी बरं. पण विनाकारण आयुष्यभराचं पथ्य लावून घेऊ नका. लग्नात, प्रवासात, मुलांबरोबर जेवताना दर वेळी "मला चालत नाही" म्हणणं हाही एक त्रासच आहे. आणि खरंच सिलिअ‍ॅक असेल तर तो "मला जरा गहू सोसत नाही" एवढ्यावर झाकून राहता कामा नये.

म्हणून पोळी बंद करायच्या आधी एक रक्ततपासणी, आणि बंद केल्यावर एक वही. एवढं केलंत, तर बरं वाटल्याचं श्रेय योग्य ठिकाणी जाईल.